ब्रेक लावताच कापणारी मोटार

गेल्या खेपेस ह्या सदरात आम्ही पाणी तापविण्याच्या विजेच्या बंबाविषयी चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून पुष्कळांनी सुचविले की, घरातल्या यंत्रांचा समाचार आपण घेता तो ठीक. परंतु घराच्या दारात उभे असलेले व सर्वांत अधिक पैसे खाणारे जे यंत्र, त्याकडे आपले लक्ष का जाऊ नये? सूचना रास्त होती. तथापि जे स्वतः पाहिले नाही त्याविषयी लिहू नये असा आमचा परिपाठ असल्यामुळे आम्ही ती बाजूस ठेवली होती. मध्यंतरी ते पाहण्याचा योग आमच्याच घरी आला, आणि तो असा आला की त्यात आमचे शहाणपण पुरतेच उघडे पडले. तेव्हा आज बंब राहू दे, मोटारीविषयीच लिहितो.

आमच्या घरी गाडी एक आणि ती हाकणारे पाच. वडील बंधू, आम्ही, धाकटे बंधू, वडील बंधूंचे चिरंजीव आणि धाकट्या सूनबाई. एकत्र कुटुंबात तांब्याला पोचा पडला तर तो कोणी पाडला ह्याचा छडा जसा कधीच लागत नाही, तसेच सामाईक गाडीचेही असते. गणपतीच्या सुमारास गाडी ब्रेक लावताना किंचित थरथरू लागली. प्रत्येकाने ते जाणले व प्रत्येकाने मनात ठरवून टाकले की हा प्रताप पुतण्याचा. तो वयाने लहान, परवाना नवा, आणि ब्रेक दाबण्याची त्याची रीतही जरा तडकाफडकीची. आम्ही त्यास दोन-तीन वेळा बोललोही. त्याने उलट उत्तर दिले नाही. फक्त गाडीची किल्ली मागणे सोडून दिले. कॉलेजास तो पुन्हा बसने जाऊ लागला. ह्या गोष्टीचे आम्हांस तेव्हा काही वाटले नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

शहरातील एका कारखान्यात गाडी दाखविली. तेथे चाकांचे बॅलन्सिंग करून दिले, पैसे घेतले, आणि थरथर होती तशीच राहिली.

मार्गशीर्षात कल्याणास भाचीचे लग्न निघाले. आई ब्याऐंशी वर्षांची. आगगाडीची चढउतार तिला होत नाही, म्हणून ती, मोठ्या वहिनी आणि आम्ही असे गाडीने निघालो. आमच्या डोळ्यांस उन्हात हल्ली त्रास होतो, सबब गाडी हाकावयास पुतण्यासच घ्यावे लागले. नाशिक सुटल्यापासून तो अगदी जपून चालवीत होता. वाडीवऱ्हे गेले, मुंढेगाव मागे पडले. तोच पुढच्या मालमोटारीने एकाएकी वेग कमी केला. पुतण्याने ब्रेक दाबला, आणि सुकाणूचे चक्र त्याच्या हातात असे हालू लागले की त्यास दोन्ही हातांनी ते धरून ठेवावे लागले. पुढची काच, आरसा, आईच्या मांडीवरचा डबा, सारे कापू लागले. गाडी थांबता थांबता कंप मंद होत गेला व थांबला.

"अरे, हिला हिव भरलंय का?" आई म्हणाली.

वहिनींनी देवाचे नाव घेतले. आम्ही पुतण्याकडे पाहिले. जे बोलायचे होते ते ओठांवर आलेच होते. परंतु त्याच्या चेहऱ्याचा रंग पाहिला व गप्प बसलो. पुढे इगतपुरी, त्यापुढे कसाऱ्याचा घाट. चढाचा असता तर गोष्ट निराळी; पण आम्हांस तो उतरावयाचा होता. हळूहळू गाडी घोटीपर्यंत आणली आणि विचारीत विचारीत एका मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली.

घोटी म्हणजे भाताची पेठ. मार्गशीर्षात नवे भात गिरण्यांवर आलेले असते, आणि गावात शिरताच कोंड्याचा तो खरपूस वास येतो. मिस्त्रीच्या शेडीस लागूनच एका लेथवाल्याचे दुकान होते. त्याचे मुख्य काम गिरण्यांच्या दांड्या व पुल्या सरळ करण्याचे. हा योगायोग आमच्या कामी कसा आला ते पुढे कळेल.

मिस्त्रीने बॉनेट उघडले नाही की चाकासही हात लावला नाही. त्याने आधी प्रश्न विचारले, वैद्याने विचारावे तसे. "साहेब, ब्रेक न लावता ऐंशीच्या वेगात गाडी थरथरते का?" नाही. "म्हणजे बॅलन्सिंगचा दोष नाही," तो म्हणाला. नाशिकला दिलेल्या पैशांचा हिशेब येथेच मिटला. चाकाचा तोल गेला असेल तर ते ब्रेकची वाट पाहत बसत नाही. विशिष्ट वेगाला पोचले की हालू लागतेच. हा एक प्रश्न आम्हीही स्वतःस विचारू शकलो असतो.

दुसरा प्रश्न: थरथर हातात येते की बैठकीत? हातात म्हणजे सुकाणूत आली तर बहुधा दोष पुढच्या चाकांत; बैठकीखालून आली तर मागच्या. तिसरा: गाडीचा वेग उतरतो तशी थरथर मंदावते, की आहे त्याच लयीत राहते? हा प्रश्न आम्हांस फार मार्मिक वाटला. लहान मोटारीच्या चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटरांचा. ताशी ८० किलोमीटर वेगात ते सेकंदास सुमारे बारा फेरे घेते, ४० वर सहा. चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत खोट असेल तर ती प्रत्येक फेऱ्यास एकदा किंवा दोनदा धक्का देणार, आणि फेरे कमी झाले की धक्केही विरळ होणार. उलट हल्लीच्या गाड्यांत चाक घसरू नये म्हणून जी एबीएस नावाची योजना असते, ती काम करू लागली म्हणजे पायाखाली ब्रेकचा पेडल धडधडतो. पण ती धडधड चाकाच्या लयीशी बांधलेली नसते, आणि निसरड्या रस्त्यावर किंवा ब्रेक जोराने दाबला तरच होते. तिला घाबरून पाय उचलणारे पुष्कळ असतात. उचलू नये, ती रोगाची नव्हे, आरोग्याची खूण आहे.

मागच्या चाकांचीही परीक्षा त्याने करविली. आमच्या गाडीस मागे ढोलाचे, म्हणजे ड्रमचे, ब्रेक आहेत व हाताचा ब्रेक त्यांवरच चालतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, सावकाश वेगात हँडब्रेकची कळ दाबून धरून तो हलकेच ओढावयाचा. गाडी थरथरली तर ढोलात खोट. न थरथरली तर पुढे पाहावयाचे. (ज्या गाड्यांत हँडब्रेक विजेच्या बटणावर असतो त्यांत हा प्रयोग करू नये.) आमची थरथरली नाही.

येथे थोडे यंत्राचे वर्णन केल्यावाचून पुढचे नीट ध्यानात येणार नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या आत, त्याबरोबरच फिरणारी, ओतीव लोखंडाची एक तबकडी असते, तीच डिस्क. पायाने ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने दोन्ही बाजूंनी दोन गुटके, ज्यांस पॅड म्हणतात, तिला चिमटीत धरल्यासारखे धरतात. चिमटीचा जो सांगाडा तो कॅलिपर. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. परंतु पुढील अर्धशतक बहुतेक मोटारी ढोलाच्याच ब्रेकवर चालल्या, आणि १९५३ साली फ्रान्सातील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीच्या गाडीने डिस्कच्या बळावर बाजी मारली तेव्हा कोठे जगाचे डोळे उघडले. आपल्याकडे अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी ह्या गाड्यांस बराच काळ चारी चाकांना ढोलच होते, हे आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली की थोडा वेळ ब्रेकच लागत नसे, हेही आठवत असेल.

आता थरथर का होते? सर्वत्र ऐकू येणारे उत्तर एकच: "डिस्क तापून वाकली." नाशिकला बॅलन्सिंगवाल्यानेही शेवटी हेच सांगितले होते. आमच्या घोटीच्या मिस्त्रीने हे ऐकून मान हलविली. त्याचे म्हणणे आम्ही पुढे ग्रंथांशी ताडून पाहिले आणि ते बरोबर निघाले. रोजच्या वापराच्या मोटारीत लोखंडाची डिस्क खरोखर वाकण्याचे प्रकार विरळा. पुष्कळदा होते ते असे की डिस्कची जाडी एका जागी कमी आणि एका जागी अधिक होते. जाड भाग गुटक्यांमधून गेला की ते किंचित मागे ढकलले जातात, पातळ भाग आला की पुढे सरकतात; चिमटीचा जोर प्रत्येक फेऱ्यास कमीजास्त होतो, तोच तेलातून पायाला आणि सांध्यांतून हाताला जाणवतो. हा फरक डोळ्यांनी दिसण्यासारखा नसतो. मिलिमीटराचे शंभर भाग केले तर त्यांतील एक-दोन भागांचा फरकही पुष्कळ गाड्यांत जाणवतो. आणि एवढ्याशा फरकाने एवढी मोठी मोटार कशी कापते, असे कोणी विचारील तर त्याने घरातला झोपाळा पाहावा. लहान मूलही योग्य वेळी ढकलीत राहिले तर थोराला झोके देते. धक्क्यांची लय आणि सुकाणूच्या सांध्यांची स्वतःची लय एखाद्या वेगात जुळली, की कंप वाढतो.

ही जाडी बिघडते कशी, हा खरा प्रश्न; आणि आमची मान खाली गेली ती येथे.

मिस्त्रीने चाक काढावयास घेतले. पहिल्या नटाशी त्याचा पोऱ्या पान्यावर अक्षरशः उभा राहिला तेव्हा तो सुटला. दुसराही तसाच. तिसरा मात्र हाताच्या साध्या झटक्याने सुटला. मिस्त्रीने आमच्याकडे वळून विचारले, "टायर कधी बदलले?" आम्ही सांगितले, चैत्रात, पाडव्यानंतर. "तिथं वाऱ्याच्या बंदुकीनं आवळले असतील." होय, तसेच आवळले होते. धडधड आवाज करीत अर्ध्या मिनिटात एक चाक, ह्याचे आम्हांस तेव्हा कौतुकही वाटले होते. टायर चढविणारे काम करीत होते आणि आम्ही समोरच्या दुकानात चहा पीत बसलो होतो.

चाक निघाले, डिस्क निघाली, आणि तिच्या पाठीमागे ज्या सपाट बैठकीवर ती टेकते त्या हबवर तांबूस गंजाचे पापुद्रे दिसले. टायरच्या कामात चाक काढले-घातले, आणि गंजाचा एक पापुद्रा सुटून डिस्क व हब ह्यांच्या मध्ये चेंगरून बसला. वर नट कोठे घट्ट, कोठे सैल. परिणामी डिस्क बैठकीवर सपाट बसण्याऐवजी केसभर कलती बसली. शेजारच्या लेथवाल्याकडून डायल गेज आणून मिस्त्रीने तीच डिस्क तशीच परत बसविली आणि फिरवून आम्हांस दाखविले. काटा एका फेऱ्यात मिलिमीटराच्या दहाव्या भागाहून अधिक हालत होता. पुष्कळ कारखानदार ह्याची मर्यादा विसावा भाग, म्हणजे लिहिण्याच्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याइतकी, सांगतात. हबवरचा कण लहानच. परंतु डिस्कचा घेर हबहून बराच मोठा, तेव्हा मुळातली खोट कडेला दुणावते.

आता गंमत अशी की, अशी कलती डिस्क लागलीच थरथरत नाही. कॅलिपर थोडा मागेपुढे सरकू शकतो, तो तिच्याबरोबर डुलतो, आणि चालविणाऱ्यास पत्ता लागत नाही. परंतु ब्रेक दाबलेला नसतानाही तिची पुढे आलेली बाजू प्रत्येक फेऱ्यास गुटक्यास घासून जाते. एका किलोमीटरात पाचशेहून अधिक फेरे. असे हजारो किलोमीटर गेले की घासणारी बाजू झिजून पातळ होते, आणि मग थरथर सुरू होते. चैत्रातल्या निष्काळजीपणाचे फळ भाद्रपदात दिसते. मधल्या पाच महिन्यांत कोणी नवा माणूस गाडी शिकला असेल, तर सगळ्यांची बोटे त्याच्याकडे.

पुतण्या शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. आम्हीही नाही.

पण मिस्त्रीचे प्रश्न संपले नव्हते. डिस्कवर एका जागी गुटक्याच्या आकाराचा काळसर ठसा होता. "उतरून आल्यावर टोलनाक्यावर किंवा सिग्नलला ब्रेक दाबून उभे राहता का?" त्याने पुतण्यास विचारले. उत्तर आम्हांसच द्यावे लागले. ती सवय आमची. आणखी एक सवय आमची, आणि तिचा तर आम्हांस अभिमान होता: उतार लागला की पेट्रोल वाचावे म्हणून गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी सोडावयाची व ब्रेकवर आवरीत न्यावयाची.

ह्या सवयीचा हिशेब आम्ही घरी येऊन केला, तो वाचकांनी पाहावा. इगतपुरी व कसारा ह्यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरांचे अंतर आहे. माणसे व सामान धरून १,४०० किलोग्रॅम वजनाची गाडी तेवढी खाली आणावयाची, तर गुरुत्वाकर्षणाने दिलेली सुमारे ४१ लक्ष ज्यूल इतकी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेने बादलीभर, सुमारे तेरा लिटर, गार पाणी उकळेल. वारा व रस्त्याचे घर्षण त्यातील काही भाग घेतात. राहिलेले न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीत सर्व ब्रेकवर. गाडी खालच्या गिअरमध्ये असती तर इंजिनाने त्यातला मोठा वाटा उचलला असता. आणि पेट्रोलचे म्हणाल, तर हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनांत, गाडी गिअरमध्ये ठेवून प्रवेगकावरचा पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षे काटकसर म्हणून जे करीत आलो तो तोटाच होता.

अशी तापलेली डिस्क गुटक्यांत घट्ट दाबून उभी ठेवली की गुटक्याच्या द्रव्याचा थर तेवढ्याच जागी चिकटतो. शिवाय झाकलेला भाग उशिरा निवतो आणि उघडा लौकर. ठसा उमटतो तो असा. घाट उतरल्यावर ब्रेक पकडून थांबण्यापेक्षा थोडे अंतर सावकाश चालवून वारा लागू द्यावा. आणि सपाटीवर थांबणे आलेच तर पाय हलका ठेवावा किंवा गाडी हळूहळू हातभर सरकू द्यावी. उतारावर मात्र ब्रेक सोडण्याचा प्रयोग कोणी करू नये. तापलेल्या चाकावर पाणी ओतणे तर सर्वथा वर्ज्य.

आगगाडीवाल्यांना हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली वाहतुकीस खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट, इतका तीव्र. वर चढताना गाडीस मागून ढकलणारी जादा इंजिने लागतात, हे सर्वांस ठाऊक असते. पण उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला वळवून घ्यावयास चढाचे आंधळे फाटे ह्या घाटात मुद्दाम बांधले गेले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. पुढे विजेची इंजिने आल्यावर त्यांच्या मोटारींकडूनच वेग आवरण्याचे काम करून घेण्याची सोय झाली. आम्ही न्यूट्रलमध्ये जे करीत होतो त्याच्या हे नेमके उलट.

असो. डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी किती असावी हे कोरलेले असते. मिस्त्रीने मायक्रोमीटर लावून आठ ठिकाणी माप घेतले. जाडीत फरक तर होताच, परंतु किमानाहून पुष्कळ माल शिल्लक होता. म्हणून नव्या डिस्क घेण्याचे कारण पडले नाही. लेथवाल्याने दोन्ही डिस्कचा वरचा पदर उतरवून दिला. दोन्ही, हे महत्त्वाचे. एकाच बाजूची डिस्क बदलली वा उतरवली तर ब्रेक दोहीकडे सारखा लागेल ह्याची खात्री राहत नाही. माल किमानापर्यंत आला असेल तर मात्र लेथचा आग्रह न धरता नवी जोडीच घ्यावी. इकडे मिस्त्रीने दोन्ही हब तारेच्या ब्रशने लखलखीत होईतो घासले, कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो ते साफ करून त्यांना त्यांचे खास ग्रीस लावले, आणि नवे पॅड घातले. डिस्क बसविल्यावर पुन्हा डायल गेज लावले; काटा आता हालल्यासारखाही वाटत नव्हता. पुष्कळ ठिकाणी डिस्क लेथवर उतरवून हब न घासताच परत बसवितात, आणि चार महिन्यांनी गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन येते. मग "डिस्कच हलकी होती" असे ठरते.

नट त्याने हाताने फिरवून टेकविले, मग एक सोडून समोरचा अशा क्रमाने, आणि शेवटी मापाच्या पान्याने, ज्यास टॉर्क रेंच म्हणतात, आवळले. ठरलेला जोर आला की हा पाना 'टक्' असा आवाज करतो. लहान गाड्यांस तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला असतो, आणि ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेली नसते. आमचीही नव्हती.

ह्या सर्वास तीनएक तास लागले. तोवर आई मिस्त्रीच्या घरी ओट्यावर बसून त्याच्या मातोश्रींशी नव्या-जुन्या तांदळाच्या गोष्टी करीत होती. जुन्या तांदळाचाच भात मोकळा होतो ह्यावर दोघींचे एकमत झाल्याचे वहिनींनी सांगितले. कल्याणचे सीमांतपूजन आमच्यावाचून होणार हे उघड होते. वहिनी आत येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, घड्याळाकडे पाहू नका. घाटात काही झालं असतं म्हणजे?"

नवे पॅड घातल्यावर काम संपत नाही. डिस्कशी त्यांचे जमवावे लागते. मिस्त्री स्वतः शेजारी बसला व पुतण्याकडून गाडी सिन्नरच्या रस्त्यास नेवविली. मोकळ्या जागी ताशी साठाच्या वेगावरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने ब्रेक, मग थोडे अंतर गाडी निवू द्यावयाची, पुन्हा तसेच. असे नऊ-दहा वेळा. त्यायोगे गुटक्याच्या द्रव्याचा पातळ सारखा थर डिस्कवर बसतो. नवे ब्रेक घालून लागलीच घाटात उतरणे किंवा कचकचून दाबणे ह्याने पहिल्याच दिवशी डाग पडतात. परत आल्यावर मिस्त्रीने नट पुन्हा एकवार तपासले आणि आम्हांस सांगितले, "साहेब, पोरगा गाडी चांगली चालवतो."

खर्च एका टायरच्या किमतीहून कमी आला.

घाट आम्ही त्या दिवशी टाळला. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून, जवळजवळ पावणेआठ किलोमीटर लांबीच्या जोडबोगद्यातून, कसारा घाट न उतरताही खाली कोकणात जाता येते. नव्या पॅडांस पहिल्याच दिवशी मोठी परीक्षा नको म्हणून मिस्त्रीनेच तो मार्ग सुचविला. आईस मात्र बोगदा आवडला नाही. घाटातली माकडे दिसली नाहीत, एवढीच तिची तक्रार.

वाचकांपैकी ज्यांची गाडी अशी कापत असेल त्यांना दोन-चार गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. कंप एकाएकी व मोठा सुरू झाला, त्यातही नुकतेच चाक काढले-घातले असेल, तर गाडी तेथेच बाजूस घेऊन प्रथम नट पाहावे. सैल नट व कलती डिस्क ह्यांची थरथर चालविणाऱ्यास सारखीच वाटू शकते, पण सैल नटांनी चाकच निघून जाते. थरथरीबरोबर गाडी एका बाजूस ओढू लागली, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, किंवा पेडल पायाखाली खोल जाऊ लागला, तर पुढे जाऊ नये. गाडी ओढून न्यावी. पेडल खोल जाण्याचे एक कारण जुने ब्रेकचे तेल. ते हवेतील ओल शोषून घेते, आणि ओलावलेले तेल लवकर उकळते: डॉट ३ जातीचे ताजे तेल २०५ अंशांच्या खाली उकळू नये असा दंडक आहे, तोच ओलावल्यानंतर १४० वर येतो. घाटात तेवढी उष्णता होण्यास वेळ लागत नाही. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. सुकाणूचे सांधे व रबरी बुश झिजले असतील तर लहानसा कंपही मोठा भासतो, म्हणून ते सोबतच तपासून घ्यावे.

इगतपुरी-घोटीकडे पाऊस वर्षास ३,००० मिलिमीटरांच्या पुढे पडतो. अशा मुलखात, किंवा कोकणात, गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर डिस्कवर गंज चढतो, आणि गुटका टेकला होता तेवढी जागा निराळी राहते. वरवरचा गंज पहिल्या चार-सहा ब्रेकांत निघून जातो; महिनाभराचा कधी कधी निघत नाही. गावी जाणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणवावी.

लग्नाहून परत आल्यावर रात्री जेवणे झाली तेव्हा आम्ही सर्वांसमक्ष झालेला प्रकार सांगितला. चैत्रातला चहा आणि न्यूट्रलची काटकसर ह्यांसह. वडील बंधू बराच वेळ हसले. मग म्हणाले की टोलनाक्यावर पाय दाबून उभे राहण्याची सवय त्यांचीही आहे. धाकटे बंधू काहीच बोलले नाहीत, त्यावरून काय ते समजावे. पुतण्यास आम्ही किल्ली दिली. त्याने ती घेतली आणि म्हणाला, "काका, मागचे दोन टायर फाल्गुनात बदलायला झालेत. तेव्हा चहाला मी जाईन, तुम्ही पाना धरून उभे राहा."

टॉर्क रेंच आम्ही दुसऱ्याच दिवशी आणला. तो सध्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे, आणि पुस्तिका पिशवीबाहेर.